मोकळ्या जागेतले ठिपके

माझा नवरा लढाईत कामी आला, ही बातमी घरात मीच सगळ्यांना वाचून दाखवली. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरात, वाचता येणारी मी एकटी. माहेरी मी मराठी फायनलपर्यंत शिकले होते. नवऱ्याचं पत्र आलं की सासूसासरे सोप्यात बसायचे आणि मी उंबऱ्याशी बसून मोठ्यानं वाचायची. तेही पत्र तसंच उघडलं. पलटणीचा कागद होता. दुसऱ्या ओळीलाच मला कळलं, तरी मी वाचत गेले. खालची सही वाचली, सही करणाऱ्याचा हुद्दा वाचला, कागदाची घडी घातली. सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी काय लिवलंय त्यात?" मी ती ओळ परत वाचली. मग त्यांना समजलं.

मला रडू आलं नाही. बायका यायच्या, गळ्यात पडायच्या, म्हणायच्या, "रड गं पोरी, न्हाईतर आत साचून ऱ्हाईल." आत काही साचलंय असंही मला वाटत नव्हतं. भाकरी खात होते, तिला चव नव्हती. चुलीतलं लाकूड सारताना हात भाजला तर फोड दिसल्यावर कळायचं. चारेक वर्षं अशीच गेली. लढाई संपली, पलटणीतले बाकीचे परत आले, त्यांनी दारावरून जाताना मान खाली घातली, स्वातंत्र्य आलं. मी गोठा झाडत होते.

मला सांगलीला नेलं ते माझ्या नणंदेनं. तिचा नवरा हळदीच्या पेठेत कामाला होता. पेठेच्या मागच्या बाजूला एका जैन व्यापाऱ्याच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. नणंद म्हणाली, "वैनी हितं बसून दगूड झालीया. मी नेते." सासूबाई म्हणाल्या, "ने."

तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या. गुरांच्या दवाखान्यामागे तीन खोल्यांची एक तपासणीची जागा होती. तिथं काचसामान धुवायला बाई हवी होती, तिला अक्षरओळख असली तर बरं, असं नणंदेच्या नवऱ्याच्या कानावर आलं. तिथले डॉक्टर पन्नाशीकडे झुकलेले, लष्करातून आलेले. गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी लष्करानं डुकरं पाळली होती, तिथं त्यांनी बरीच वर्षं काढली होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"बाई, घाण वाटेल. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

ते खरं होतं. मला किळस येत नव्हती. तो काही माझा गुण नव्हता. मला काहीच वाटत नव्हतं, तशी किळसही वाटत नव्हती.

पहिले काही महिने मी फक्त धुतलं. नळ्या, बाटल्या, आणि झाकणाच्या चपट्या काचेच्या ताटल्या. त्यांना डॉक्टर प्लेट म्हणत. आधी उकळायच्या, मग सोड्यानं घासायच्या, मग वाफेच्या डब्यात घालायच्या. हात जंतू मारणाऱ्या कार्बॉलिकच्या पाण्यात बुडवून माझी बोटं सुरकुतली. नंतर डॉक्टरांनी मला अगर करायला शिकवलं. चायना ग्रास म्हणून किराणा दुकानात मिळतं तसलंच ते, समुद्रातल्या शेवाळाचं. मटणाच्या अर्कात ते वितळवून गाळायचं, वाफवायचं आणि कोमट असताना प्लेटमध्ये ओतायचं. थिजलं की खरवसासारखं दिसे. त्यावर तारेनं जंतू ओढायचे, प्लेट रॉकेलच्या दिव्यानं ऊब दिलेल्या पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. माझा हात हलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा स्वतःचा हलायला लागला होता. उन्हाळ्यात त्यांची बायको वारली होती, छातीच्या क्षयानं. त्याबद्दल ते बोलत नसत आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघं दिवसचे दिवस पाच-दहा शब्दांवर काढत असू. मला ते बरं वाटायचं.

पाऊस उलगडला आणि हवेत कोरडेपणा आला, त्या सुमाराला एक वडार बाई दवाखान्यात आली. डोक्यावर पाटी, पाटीत पोत्याखाली डुकराची दोन मेलेली पिलं. कंपाउंडरनं तिला फाटकातच हटकलं. ती हटली नाही.

"दागदर कुठं हाय? मला दागदरला दावायचंय."

डॉक्टर बाहेर आले. तिनं पाटी खाली ठेवली. ती उंच होती, दगड फोडून खांदे पुरुषासारखे झालेले. नदीच्या अंगाला, गावाबाहेर, तिची वस्ती होती. नवरा खाणीत सुरुंगानं गेलेला. ती आणि तिची म्हातारी सासू, आणि डुकरं.

"आधी हगवन लागती," ती म्हणाली. "पिवळी, मग रगात. कानाला निळं पडतं. चार दिसात खलास. वस्तीत रोज एक जातंय, सायेब. कायतरी द्या."

"गोळ्या आहेत," डॉक्टर म्हणाले. सरकारातून सल्फाच्या गोळ्यांचे डबे आले होते. तेव्हा पोटाच्या सगळ्या रोगांवर माणसाला आणि जनावराला त्याच देत. त्यांनी तिला पुडी बांधून दिली, किती आणि कसं ते सांगितलं आणि पिलं ठेवून घेतली.

पिलं फाडली तेव्हा मी शेजारी होते. आतडं आतून लाल, जाड झालेलं, जागोजाग कोंडा चिकटल्यासारखं. डॉक्टरांनी मला तारेचा आकडा दिला. मी आतड्यातला अंश लाल रंगाच्या अगरवर ओढला. त्या अगरची गंमत अशी की पोटातले नेहमीचे जंतू त्यावर गुलाबी उगवतात आणि हे आजाराचे फिकट, बिनरंगाचे. दुसऱ्या दिवशी प्लेट पेटीतून काढली तर गुलाबी थोडेच, फिकट मात्र सगळीकडे.

आठवड्यानं ती परत आली. पाटी रिकामी होती.

"गोळीनं काय बी झालं न्हाई," ती म्हणाली. "आनखी सात गेली."

डॉक्टरांनी वहीत सातचा आकडा लिहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपण आता त्या जंतूंनाच विचारू."

त्यांनी मला जे शिकवलं ते असं. प्लेटभर ते जंतू सारखे पसरायचे, शेतात बी फोकतात तसे. मग तापवून गार केलेल्या धातूच्या नळीनं अगरमध्ये गोल भोकं पाडायची. एका भोकात एक औषध, दुसऱ्यात दुसरं. औषध भोकातून हळूहळू आजूबाजूला झिरपतं. जंतू त्याला भीत असतील तर भोकाभोवती काहीच उगवत नाही, स्वच्छ मोकळं कडं राहतं. भीत नसतील तर ते भोकाच्या काठापर्यंत येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून कडं मोजायचं. बस, एवढंच.

मी तीन भोकं पाडली. एकात सल्फा, एकात पेनिसिलीन. ते सिव्हिल दवाखान्यातून थोडंसं मागून आणलेलं होतं. तिसऱ्यात काय घालायचं ते डॉक्टरांनी आधी सांगितलं नाही. घरी जाऊन ते एक बुटकी बाटली घेऊन आले, रबरी बुचाची. आत पांढरी पूड होती.

"स्ट्रेप्टोमायसिन," ते म्हणाले. "मुंबईहून आणवलं होतं. घरच्यांसाठी. पाच बाटल्या उरल्या."

मी बाटली हातात घेतली. त्यांनीच तिचं बूच पुसलं, दोनदा.

"एखाद्या पेशंटला..." मी म्हणाले.

"पाच बाटल्यांनी क्षयाचा पेशंट बरा होत नाही, बाई. महिनोन्‌महिने द्यावं लागतं. पाच बाटल्या म्हणजे नुसती आशा."

दुसऱ्या दिवशी प्लेट खिडकीपाशी धरली. सल्फाच्या भोकाला जंतू अगदी चिकटून. पेनिसिलीनचं तेच. तिसऱ्या भोकाभोवती मात्र रुपयाहून मोठं मोकळं कडं, काचेसारखं. मी पट्टी लावून आकडा लिहिला. डॉक्टरांना सल्फाचं पटेना. ते म्हणाले, मटणाच्या अर्कात सल्फाचा जोर मोडतो, हा सल्फावर अन्याय आहे. म्हणून मग अर्काशिवाय, नुसत्या क्षारांचं आणि साखरेचं अगर केलं. ते मी तीनदा केलं. तिन्ही वेळा जंतू सल्फाच्या काठावर जाऊन बसले. त्यांनी सरकारी डब्यांकडे बघितलं. ते डबे त्यांनी तालुक्याच्या साऱ्या दवाखान्यांना वाटले होते.

"लिहा," ते म्हणाले. "सल्फा, उपयोग नाही."

मी लिहिलं.

त्या मोकळ्या कड्यात, आतल्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके होते. मला दिसले होते. हवेतलं काही पडलं असेल, नाहीतर माझी तार नीट तापली नसेल, असं धरून मी चालले. खरं म्हणजे असंही काही धरलं नाही. दिसले आणि सोडून दिले. त्या काळात मी पुष्कळ गोष्टी अशाच सोडून देत होते.

आम्ही दोघं वस्तीवर गेलो. डॉक्टर सायकलवर, मी चालत. तोवर त्या वडार बाईकडे एक डुकरीण आणि तिची सहा पिलं उरली होती. वस्तीत बाकीच्यांकडे मिळून दहा-बारा. डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, खुराडी इथून हलवा, वर माळाला न्या, आजारी जनावर बाजूला बांधा, मेलेलं नदीत टाकू नका, चुना घालून पुरा. माणसं ऐकत होती. मग त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"औषध थोडं आहे. एकाच जनावराला पुरेल. कुठलं ते तू सांग."

ती डुकरिणीकडे बघायला लागली. डुकरीण भिंतीला टेकून पडली होती, मागचा भाग घाणीनं माखलेला. पिलं तिला ढुसण्या देत होती.

"हिला द्या," ती म्हणाली. "ही ऱ्हायली तर परत व्हतील."

"पिलं?"

"पिल्लांचं काय. आई ऱ्हायली पायजे."

हे औषध सुईनं दिलं तर आतड्यात पुरतं पोचत नाही, म्हणून डॉक्टरांनी ते उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलं. तिनं डुकरिणीचं तोंड वर धरलं, मी बांबूच्या नळकांड्यातून थोडं थोडं ओतलं. डुकरीण ओरडली तेव्हा कान बधिर झाले. सकाळ-संध्याकाळ असं पाच दिवस जायचं होतं. रोजची एक बाटली; प्लेटला त्यातली चिमूटभरच लागली होती. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत मी परत येत असे.

तिसऱ्या दिवशी डुकरीण उठून उभी राहिली. चौथ्या दिवशी तिनं कण्या खाल्ल्या. पिलांतली चार मेली, दोन राहिली. पाचव्या दिवशी शेवटची बाटली पाजून मी हात धुतले, कार्बॉलिकनं आणि मग साबणानं, कोपरापर्यंत, डॉक्टरांनी बजावलं होतं तसे. ती बाई चुलीपाशी होती. तिनं ज्वारीची भाकरी आणि त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा माझ्यापुढे धरला. मग हात अर्धवट मागं घेतला.

"तू कुनबी, अक्का. खाशील का आमच्यातलं?"

मी भाकरी घेतली. खाल्ली. ठेचा झणझणीत होता, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. चार-पाच वर्षांत मला भूक लागली आहे असं जाणवलं नव्हतं, ते त्या दिवशी जाणवलं. एवढंच झालं. घरी येईपर्यंत परत सगळं पहिल्यासारखं.

सांगली लहान गाव. मी वस्तीवर जाते, डुकराची घाण हाताळते, वडाराकडं जेवते, हे चाळीत कळायला वेळ लागला नाही. घरमालक भला माणूस होता, त्यानं तोंडानं काही म्हटलं नाही. त्याच्या आईनं नणंदेला सांगितलं की तुझ्या वैनीनं आडाच्या पोहऱ्याला हात लावू नये. तेव्हापासून नणंद पाणी शेंदून माझ्या कळशीत वरून ओतायची. मग गावचं कुणीतरी गूळ घेऊन पेठेत आलं, आणि त्यानं जाऊन सासऱ्यांच्या कानावर घातलं.

सासरे आले ते सरळ तपासणीच्या जागी. दुपारची वेळ. पटका, काठी, पायांत वहाणा. मी प्लेटा वाचत होते. डुकरीण बरी झाली तरी डॉक्टरांनी दर आठवड्याला तिची विष्ठा आणून तपासायला सांगितलं होतं. ती त्या आठवड्यात परत थोडी पातळ घालायला लागली होती. सासरे दारात उभे राहिले. मी पदर घेतला आणि उठले.

"चल घरला," ते म्हणाले. "लोकं काय बी बोलत्यात. डुकराचं गू काढायला सून ठिवलीया म्हनत्यात."

"व्हय, मामंजी."

"व्हय म्हंजी? खरं हाय?"

"खरं हाय. काढत न्हाई, बघते."

ते आत आले. काठी दाराला टेकवून ठेवली. टेबलावरच्या प्लेटकडे त्यांनी लांबूनच बघितलं.

"काय बघतीस?"

मी प्लेट झाकणासकट खिडकीच्या उजेडात धरली. त्यांना सांगितलं, हे सगळं पांढुरकं दिसतंय ते आजाराचे जंतू, एक एक जीव. मधल्या भोकात औषध घातलं आहे. भोकाभोवती मोकळं आहे तिथं औषधानं त्यांना उगवू दिलं नाही. त्यांनी डोळे बारीक केले. सासरे आयुष्यभर रान बघत आलेले. बांधावर उभं राहून कुठल्या सरीत पाणी पोचलं नाही ते सांगणारे. ते प्लेटवर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मोकळं कुठं हाय?" ते म्हणाले. "ह्यात उगवलंय की."

"कुठं?"

"हे काय. हितं, हितं, आन हितं दोन. वावर किती बी भांगलं तरी हराळीची कांडी ऱ्हातीया, तसं. बाकीचं तण गेलं की तिला रान मोकळंच. मग सगळी हराळीच."

मी बघितलं. कडं लहान झालेलं नव्हतं. पण त्याच्या आत ठिपके होते, पहिल्या वेळी दोन, आता वीसपंचवीस. मला दर वेळी दिसत होते. मी त्यांना वाचलं नव्हतं.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तार तापवली. एक ठिपका तारेच्या टोकावर घेतला, नव्या प्लेटवर पसरला, भोक पाडून तेच औषध घातलं. पूड संपली होती, बाटली धुतलेलं पाणी शिल्लक ठेवलं होतं ते वापरलं. शेजारी दुसरी प्लेट केली, पहिल्या दिवशीचे जंतू नळीत जपून ठेवले होते त्यांची. सासरे बसून बघत होते. मुक्कामाला ते नणंदेकडं राहिले आणि दुसऱ्या दिवशी परत माझ्याबरोबर आले.

जुन्या जंतूंच्या प्लेटवर कडं होतं, मोठं, पहिल्यासारखं. ठिपक्याच्या प्लेटवर कडं नव्हतं. जंतू औषधाच्या काठाला जाऊन टेकले होते, सल्फाला टेकले होते तसे.

डॉक्टर आले तेव्हा मी दोन्ही प्लेटा त्यांच्यापुढं ठेवल्या. ठिपका कुठून घेतला ते सांगितलं. "हे माझे सासरे. त्यांनी बघितलं," असंही सांगितलं. त्यांनी सासऱ्यांना नमस्कार केला. मग प्लेटा उचलल्या, खिडकीशी नेल्या, खाली ठेवल्या, परत उचलल्या.

"तार नीट तापवली होती?"

"होती."

"हात?"

"धुतले होते. जुन्या जंतूंची प्लेटही बरोबरच केलीय."

ते स्टुलावर बसले. त्यांनी त्यांची वही ओढली. त्यात ते प्रत्येक प्लेटचं चित्र काढून ठेवत. पहिल्या दिवशीच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं. मोकळ्या कड्यात पेन्सिलीचे दोन ठिपके होते, आणि ते खोडले होते.

"मलाही दिसले होते," ते म्हणाले. "मी खोडले."

त्यांनी वही मिटली.

"दोन महिने तिला ताप नव्हता," ते म्हणाले. ते कुणाबद्दल बोलतायत हे मला कळायला एक क्षण लागला. "वजन वाढलं. अंगणात फिरायला लागली. मला म्हणाली, आंब्याला कैऱ्या धरल्यात, लोणचं घालू. मग परत ताप आला. तेच औषध, तेवढंच, मी वाढवूनही बघितलं. मला वाटलं बाटल्या बनावट निघाल्या. मुंबईच्या त्या दुकानदाराला मी काय काय लिहिलं, बाई. तिलाही म्हणायचो, तू खात नाहीस, तू विश्रांती घेत नाहीस. चिडायचो तिच्यावर."

खोलीत वाफेच्या डब्याचा आवाज येत होता. सासरे उठले. त्यांना पुरतं समजलं नसावं, पण जेवढं समजायला हवं होतं तेवढं समजलं असावं. ते डॉक्टरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खांद्यावर हात ठेवतील असं मला वाटलं, त्यांनी ठेवला नाही. ते म्हणाले, "आवं, दागतर, रानात असतंच ते. आपल्या हातानं पेरत न्हाई आपन."

डॉक्टर म्हणाले, "पण वाढू मी दिलं."

नंतर त्यांनी मला त्या सगळ्या प्लेटा वाफेत घालायला सांगितल्या. एकही नळी ठेवायची नाही, अगदी एकही. मी एकेक मोजून डब्यात घातली. माझ्या छातीत काहीतरी दुखत होतं, पण ते दुःखच होतं की सकाळपासून उपाशी होते म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

डुकरीण त्याच आठवड्यात मेली. मी वस्तीवर गेले तेव्हा त्या बाईनं तिला पुरून वर चुना टाकला होता. तिनं हातांवरचा चुना झटकला. मग म्हणाली, "दुसरं औषिद न्हाई?"

"न्हाई."

"मग त्या काचा कशाला बघतीस रोज?"

मी म्हटलं, "काय लागू पडत न्हाई, ते कळतं."

ती हसली. चिडून हसली असं नाही, खरंच हसली. "ते मला काचंबिगर कळलं की गं," ती म्हणाली.

तरी एक झालं. खुराडी माळाला हलवली होती, नदीचं पाणी पाजणं थांबवलं होतं, आजारी जनावर वेगळं बांधत होते. वस्तीतली उरलेली डुकरं जगली. तिची दोन पिलंही जगली. औषध त्यांना दिलंच नव्हतं. थंडी सरता सरता ती खंडाळ्याकडं रस्त्याच्या कामाला गेली, पिलं गाढवाच्या पाठीवर दोन टोपल्यांत घालून. जाताना मला सांगायला आली नाही. मला दुसऱ्याकडून कळलं.

डॉक्टरांनी सगळं लिहून वर पाठवलं. सल्फाबद्दलही आणि ठिपक्यांबद्दलही. उत्तर आलं नाही. सल्फाचे डबे मात्र पुढची दोन वर्षं येत राहिले. त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली, आटपाडीला, मेंढरांच्या मुलखात. तिथून त्यांचं एक कार्ड आलं होतं. त्यात तब्येतीची चौकशी नव्हती. अगर घट्ट होत नसेल तर काय करता, असं विचारलं होतं. मी उत्तर लिहिलं.

सासरे मला न घेताच परत गेले होते. मोटारीत बसताना म्हणाले, "ऱ्हा हितंच. मी सांगतो तिला." तिला म्हणजे सासूबाईंना. त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी मी सणाला गावी गेले. सासूबाईंनी माझं ताट सोप्यात वेगळं वाढलं, मातीचा गडूही वेगळा ठेवला. मी तिथं बसून जेवले. सासरे आत जेवले. असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी मी हातपाय धुऊन नेहमीच्या जागी सोप्यात जाऊन बसले. बराच वेळ ताट आलं नाही. मग आतून सासूबाईंचा आवाज आला, "भाकरी निवतीया. कुनाची वाट बघतीस?" मी उठून आत गेले. माझं ताट चुलीजवळ वाढलेलं होतं.